न्यू जर्सीहून खोल समुद्रात: पहिली सेंटर कन्सोल बोट कशी निवडावी

एडिसन, प्रिन्स्टन, जर्सी सिटी या भागांत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींची इथल्या समुद्राशी पहिली ओळख बेलमार किंवा पॉइंट प्लेझंटहून सुटणाऱ्या पार्टी बोटीवर होते. तिकीट काढायचं, कठड्याशी उभं राहून गळ सोडायचा, संध्याकाळी फ्लूक नाहीतर ब्लॅक सी बास घेऊन घरी यायचं. असे काही उन्हाळे गेले की स्वतःच्या बोटीचा विचार डोक्यात घोळू लागतो. त्यात ज्याला टूनाचा नाद लागतो, त्याची नजर सेंटर कन्सोलवर जाऊन थांबते. हा लेख त्या माणसासाठी आहे.

सेंटर कन्सोल म्हणजे उघडी बोट. सुकाणूचं चाक, इंजिनाचे खटके, नकाशाचा पडदा हे सगळं मधोमध एका उभ्या कपाटात बसवलेलं असतं आणि त्याच्या चहूबाजूंनी फिरायला मोकळी वाट असते. मोठा मासा लागला की तो नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) पिछाडीकडे, डावीकडून उजवीकडे मनाला येईल तसा पळतो. दोर सांभाळत त्याच्यामागे बोटभर फिरता यावं म्हणून ही रचना. या मोकळेपणाच्या बदल्यात ऊन, वारा आणि उडणारं पाणी अंगावर घ्यावं लागतं.

निवडीबाबत माझा एकच आग्रह आहे: बोट परतीच्या प्रवासासाठी निवडा. पहाटे चार वाजता शांत पाण्यावर कुठलीही बोट छान धावते. शोरूममधली चमक, जाहिरातीतला सर्वाधिक वेग, स्पीकरची संख्या यांचा उपयोग तेवढ्या वेळापुरताच. दुपारी वारा फिरल्यावर, माणसं थकलेली, बर्फाच्या पेटीत मासे, टाकी अर्ध्यावर आणि समोरून लाटा, अशा वेळी बोट कशी वागते यावर तिची लायकी ठरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीला धरून आहेत.

पायरी 1: इनलेट आणि अंतर ठरवा

बोटींच्या जाहिराती उघडण्याआधी नकाशा उघडा. न्यू जर्सीत “समुद्रात जातो” याचे किमान तीन वेगळे अर्थ होतात. रॅरिटन बे आणि सँडी हूकच्या आसपास स्ट्रायपर आणि फ्लूक, म्हणजे किनारा कायम नजरेत. दुसरा टप्पा 20 ते 40 मैलांचा, जिथे काही हंगामांत ब्लूफिन टूना येतो. आणि तिसरा हडसन कॅन्यनचा. तिथे खंडमंचाची कड संपते, समुद्रतळ एकदम खोल जातो आणि गल्फ स्ट्रीममधून सुटलेल्या कोमट पाण्याच्या भोवऱ्यांबरोबर यलोफिन आणि बिगआय हे टूना आणि माही मासे येतात. हा टप्पा मनास्क्वान इनलेटपासून साधारण 80 सागरी मैलांवर.

या तिन्हींना पुरी पडणारी एकच बोट शोधण्याचा मोह सगळ्यांना होतो. माझा सल्ला असा की येत्या दोन वर्षांत तुम्ही खरोखर कुठे जाणार आहात ते ठरवा आणि त्यासाठी बोट घ्या. नवख्यासाठी बहुतेक वेळा हा दुसरा टप्पा असतो. कॅन्यनला एखाद्या अनुभवी माणसाच्या बोटीवर किंवा चार्टरवर, म्हणजे कप्तानासह भाड्याने घेतलेल्या बोटीवर, जाता येतं, आणि ते शिक्षण पैशात मोजता येणार नाही इतकं मोलाचं आहे.

अंतराइतकंच महत्त्व इनलेटला आहे. खाडीतून समुद्रात जाण्याचं हे अरुंद तोंड दिवसातला सगळ्यात धोक्याचा भाग ठरू शकतं. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं, त्याच वेळी पूर्वेचा वारा लाटा आत ढकलतो, आणि दोघांच्या टकरीत लाटा उभ्या राहून फुटतात. कोकणातल्या खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा असतो तिथे आपले कोळी भरतीची वाट बघत थांबतात, त्यामागचं कारण हेच. बार्नेगॅट इनलेट तिथल्या सरकत्या वाळूमुळे यासाठी कुप्रसिद्ध आहे. मनास्क्वान त्या मानाने सरळ, पण अरुंद आणि सुट्टीच्या दिवशी बोटींनी गजबजलेलं. तुमची बोट ज्या इनलेटच्या आत बांधलेली असेल, तिथे पूर्वेचा वारा आणि ओहोटी एकत्र असताना किनाऱ्यावरच्या दगडी बांधाजवळ सुरक्षित अंतरावर उभं राहून तासभर बघा. किती लांबीच्या बोटी परत येतात आणि त्यांची पिछाडी लाटेवर कशी घसरते, ते डोळ्यांनी पाहिल्यावर पुढचे निर्णय सोपे होतात.

पायरी 2: बूड वाचायला शिका

बोटीचं सगळं चरित्र तिच्या बुडात असतं. बूड इंग्रजी व्ही अक्षरासारखं असतं, आणि पिछाडीच्या उभ्या भिंतीशी, म्हणजे ट्रान्समशी, ते आडव्यापासून किती अंशांनी वर चढतं त्याला डेडराइज म्हणतात. सपाट बूड कमी ताकदीत पाण्यावर चढतं (म्हणजे वेगात पाणी कापण्याऐवजी त्यावरून घसरत धावतं) आणि थांबलेल्या बोटीला स्थिर ठेवतं, पण लाटेवर आपटतं. खोल व्ही लाट कापतो.

आज हे सगळे गृहीत धरतात, पण ते सिद्ध व्हायला एक शर्यत लागली. 1960 साली मायामी ते नासाऊ या शर्यतीत खवळलेल्या समुद्रात रे हंट यांनी आखलेली ‘मॉपी’ ही 30 फुटी लाकडी बोट डिक बर्ट्रम यांच्या चमूने आठ तासांत पोचवली. दुसरी आलेली छोटी बोटही हंट यांच्याच आखणीची होती. बाकीच्या बोटी पोचल्या त्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर खोल व्ही सगळीकडे पसरला.

खोल समुद्रासाठी 20 ते 24 अंशांच्या दरम्यानचा डेडराइज बघा. रेग्युलेटर कंपनीच्या बोटी 24 अंशांच्या आसपास असतात. ग्रेडी-व्हाइटचं बूड मध्यावर बरंच तीव्र आणि ट्रान्समशी 20 च्या जवळपास उतरत येणारं असतं. दोन्ही पद्धती यशस्वी आहेत, कारण निव्वळ ट्रान्समचा आकडा सगळं सांगत नाही. लाट बोटीला भेटते ती पुढच्या तिसऱ्या भागात. तिथे बूड किती टोकदार आहे, नाळ किती बाहेर झुकलेली आहे, वजन कुठे ठेवलं आहे, यावर आपटणं ठरतं. 24 अंशांची हलकी बोट लाटेवरून उडून दणकन पडू शकते आणि 21 अंशांची भारी बोट त्याच लाटेतून मऊपणे जाऊ शकते.

खोल व्हीची दुसरी बाजू विक्रेते क्वचित बोलून दाखवतात. थांबल्यावर, आडव्या लाटेत, ही बोट जास्त डोलते. तुम्ही फ्लूकसाठी दिवसभर वाहत जात मासेमारी करणार असाल आणि घरच्यांना बोट लागत असेल, तर 20 अंशांकडे झुकलेलं बूड तुमच्यासाठी जास्त सुखाचं.

बुडात आडव्या पायऱ्या कापलेल्या बोटीही दिसतील. त्याने हवा आत शिरते, घर्षण घटतं, वेग आणि इंधन दोन्हींत फायदा होतो. पण वेगात एकदम वळवल्यावर काही पायरीदार बोटींची पिछाडी एकदम घसरते. पहिल्या बोटीसाठी मी पायऱ्या टाळीन. दोन बुडांच्या कॅटामरान, उदाहरणार्थ वर्ल्ड कॅट किंवा फ्रीमन, मध्यम लाटांत खूप मऊ चालतात आणि थांबल्यावर स्थिर असतात. त्यांचं डोलणं मात्र झटक्याचं असतं, वळताना बाहेरच्या बाजूला कलल्यासारखं वाटतं, आणि रुंदीमुळे जागेचं भाडं वाढू शकतं. काहींना त्या फार आवडतात, काहींना मुळीच नाही. त्यावर बसून बघितल्याशिवाय मत बनवू नका.

या पायरीवरची सगळ्यात मोलाची गोष्ट माहितीपत्रकात छापलेली नसते. ती म्हणजे बोट कमीत कमी किती वेगाला पाण्यावर चढलेली राहते. उन्हाळ्यात थंड हवेचा पट्टा सरकून गेला की वारा वायव्येला फिरतो, आणि हडसन कॅन्यनहून घर वायव्येलाच आहे. म्हणजे 80 मैल वारा थेट तोंडावर. 30 नॉट्सने, म्हणजे ताशी 30 सागरी मैलांनी, हे अंतर 2 तास 40 मिनिटांचं. पण समोरून चार फुटी, जवळजवळ येणाऱ्या लाटा असतील तर 30 विसरा. 14-15 नॉट्सला न आपटता, नाळ खाली ठेवून पाण्यावर टिकणारी बोट सव्वापाच ते पावणेसहा तासांत सगळ्यांना घरी आणते. जी 18 च्या खाली गेली की धपकन बसते, तिच्यावर दोनच पर्याय उरतात: पाठीचे मणके हलवत 18 ने जा, नाहीतर 8 ने रांगत दहा तास घालवा.

पायरी 3: लांबी, रुंदी आणि वजन

इथे थोडक्यात. पहिल्या टप्प्यासाठी 20-22 फूट पुरतात. दुसऱ्या टप्प्यासाठी 23 ते 26. कॅन्यनसाठी 28 च्या पुढे, शक्यतो 30. याहून लहान बोटीतून लोक कॅन्यनला जातात हे खरं आहे, आणि ते हवामानाचे दिवस अत्यंत काटेकोरपणे निवडतात हेही तितकंच खरं. नवख्याला दिवस निवडण्याची ती नजर आलेली नसते.

बोट घरी ठेवून ट्रेलरवर नेण्याचा बेत असेल तर रुंदी 8 फूट 6 इंचांच्या आत ठेवा. त्यापुढे रस्त्यावर नेण्यासाठी परवाना लागतो. वजन मोजताना माहितीपत्रकातलं कोरडं वजन धरू नका. इंजिनं, इंधन, बर्फ, बॅटऱ्या, ट्रेलर सगळं मिळवा आणि मग तुमची गाडी किती ओढते ते पाहा.

बुडण्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. 1961 मध्ये लाइफ मासिकात बोस्टन व्हेलरचे संस्थापक डिक फिशर बोटीत बसलेले असताना ती करवतीने मधोमध कापल्याची छायाचित्रं छापून आली आणि फायबरग्लासची बोट बुडतच नाही असा समज रूढ झाला. अमेरिकेचा संघीय नियम असा की 20 फुटांपेक्षा लहान, एका बुडाच्या आउटबोर्ड (ट्रान्समवर बाहेरून इंजिन लावलेल्या) बोटीत पाणी भरलं तरी ती आडवी तरंगत राहिली पाहिजे. 20 फुटांवरच्या बोटीला हे बंधन नाही. काही कंपन्या स्वतःहून फोम भरतात, काही भरत नाहीत. हा प्रश्न प्रत्येक विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी मागा.

पायरी 4: इंधनाचा हिशोब, मग इंजिन

इंधनाचा जुना नियम तिहेरी आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. तो पाळायचा तर टाकी केवढी लागते ते कागदावर मांडूया.

कॅन्यन 80 सागरी मैल. सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, रस्त्यावरचा मैल 1.609 चा. समुद्राचे नकाशे सागरी मैलांत असतात आणि बोट कंपन्यांचे इंधनाचे तक्ते बहुधा रस्त्याच्या मैलांत. इथे अनेकांची गफलत होते. 80 सागरी म्हणजे साधारण 92 रस्त्याचे मैल, जाऊन-येऊन 184. दोन 300 अश्वशक्तीची इंजिनं असलेली 30 फुटी बोट भरल्या वजनाने गॅलनला 1.3 मैल देते असं धरलं तर 142 गॅलन. दिवसभराच्या ट्रोलिंगला (बोट हळू चालवत मागे गळ ओढण्याला) 35. एकूण 177. हा आकडा टाकीच्या दोन तृतीयांश असायला हवा, म्हणजे टाकी 265 गॅलनची, जवळपास 1000 लिटर. एवढ्या पेट्रोलचंच वजन 700 किलोच्या पुढे जातं. आणि लाटांत गॅलनला 1.3 ऐवजी 1 मैल मिळू शकतो. राखीव तिसरा हिस्सा त्यासाठीच असतो.

याउलट 25 सागरी मैलांवर जाणारी, एका 300 च्या इंजिनाची 23 फुटी बोट गॅलनला 2 मैल देत असेल तर जाऊन-येऊन 29 गॅलन, ट्रोलिंगला 10, आणि राखीव धरून 60 गॅलनची टाकी पुरते. दोन स्वप्नांमधला खर्चाचा फरक या दोन बेरजांत दिसतो. वर्षातून दोनदा कॅन्यनला जाण्यासाठी मोठी बोट घेऊन उरलेला हंगाम तिचा खर्च ओढत बसलेली माणसं मी पाहतो, तेव्हा हा हिशोब आधी कोणीतरी त्यांच्यापुढे मांडायला हवा होता असं मनापासून वाटतं.

एक इंजिन की दोन? किनारा सोडून 25-30 मैलांपलीकडे जाणार असाल तर दोन घ्या. अट अशी की एक बंद पडल्यावर उरलेल्या एकावर बोट घरी यायला हवी. पाण्यावर चढली नाही तरी चालेल. मात्र दोन इंजिनं म्हणजे सगळ्या संकटांवर इलाज नाही. दोन्ही एकाच टाकीतून पीत असतील आणि त्यात पाणी मिसळलेलं असेल, तर दोन्ही बंद पडतात. म्हणून प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र, 10 मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर हवा आणि जादा फिल्टर बोटीवर हवेत. पंपावरचं 15 टक्के इथेनॉलचं पेट्रोल बोटीत घालायला मनाई आहे. 10 टक्क्यांपर्यंत चालतं, आणि इथेनॉलविरहित मिळालं तर उत्तम.

यामाहा, मर्क्युरी, सुझुकी या तिघांवर लोक तासन् तास वाद घालतात. मी तुम्हाला विचारीन: तुमच्या बोटीपासून अर्ध्या तासावर कुठल्या कंपनीचा चांगला मेकॅनिक आहे, आणि जुलै महिन्यात तो फोन उचलतो का? त्याच कंपनीचं इंजिन घ्या. जुन्या बोटींवर एव्हिनरूड दिसेल. त्या आउटबोर्डचं उत्पादन 2020 साली बंद झालं, तेव्हा सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक यांची खात्री झाल्याशिवाय किंमत कमी आहे म्हणून भुलू नका.

पायरी 5: डेकवर पाणी आणि माणसं

उघड्या बोटीत पाणी येणारच. प्रश्न एवढाच की ते बाहेर किती लवकर जातं. डेक पाण्याच्या पातळीच्या वर असतो आणि भोकांतून पाणी आपोआप वाहून जातं असं प्रत्येक कंपनी म्हणते. तपासण्याची रीत सोपी आहे: बोट पाण्यात स्थिर असताना दोन धट्ट्याकट्ट्या मित्रांना पिछाडीच्या दोन कोपऱ्यांत उभं करा. भोकांतून पाणी आत येऊन पाय भिजले तर मासा ओढताना, तीन माणसं मागे जमल्यावर, तेच होणार. नळीने डेकवर पाणी सोडून ते किती वेळात ओसरतं तेही पाहा.

बोटीचा काठ तुमच्या मांडीच्या मध्यापर्यंत तरी यायला हवा, आणि काठाखाली पायाचा पंजा अडकवायला जागा हवी. उंच माणसाला जो काठ गुडघ्याला लागतो तो लाटेत त्याला बाहेर फेकतो. ट्रान्सम उंच आणि बंद असावा. मागून येणारी लाट थेट डेकवर उतरेल अशी कापलेली खाच जुन्या लहान बोटींत असते, ती खोल समुद्रासाठी नको. बिल्ज पंप (डेकखाली बुडात साचलेलं पाणी उपसणारे) दोन हवेत, वेगवेगळ्या बॅटरीवर, आपोआप सुरू होणारे.

बाकी गोष्टी आवडीच्या. छप्पर हवंच, इथल्या जुलैच्या उन्हात दिवसभर त्याशिवाय टिकाव नाही. कन्सोलच्या आतलं शौचालय अनेक पुरुष गंमतीची वस्तू समजतात. घरातल्या बायका-मुलींनी सोबत यावं असं वाटत असेल तर ते आवश्यक आहे. जिवंत आमिषाची टाकी, आउटरिगर (गळ बोटीपासून दूर पसरवणारे लांब दांडे), गळकाठ्यांचे होल्डर हे नंतर बसवता येतं. बूड, डेकची उंची आणि टाकी नंतर बदलता येत नाही, म्हणून पैसे आधी तिथे घाला.

पायरी 6: जुनी बोट घेताना

नवी 30 फुटी, दोन इंजिनांची चांगली बोट सहज दोन लाख डॉलरच्या पुढे जाते. त्यामुळे बहुतेकांची पहिली बोट जुनी असते, आणि मी त्याच बाजूचा आहे. बोट चांगल्या कंपनीची असेल तर वीस वर्षांचं बूडही उत्तम निघतं. दुखणं असतं ते आत लपलेल्या तीन जागी.

पहिली जागा ट्रान्सम. जुन्या बोटींत फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असायचं. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की ते आतून कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज अचानक बद्द झाला तर थांबा. इंजिन वर उचललेलं असताना त्याच्या खालच्या भागावर भार द्या आणि ट्रान्सम हलतो का, त्यावर केसासारख्या भेगा आहेत का, ते पाहा.

दुसरी इंधनाची टाकी. बहुतेक सेंटर कन्सोलमध्ये ॲल्युमिनियमची टाकी डेकखाली, कित्येकदा फोममध्ये बसवलेली असते. फोमने धरून ठेवलेलं खारट पाणी ॲल्युमिनियमला वर्षानुवर्षं खात राहतं. टाकी बदलायची तर अनेक बोटींत डेक कापावा लागतो आणि खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. बिल्जमध्ये पेट्रोलचा किंचितही वास आला तर इंजिन सुरू करू नका, सौदाही तिथेच थांबवा. पंधरा-वीस वर्षांच्या बोटीची टाकी बदललेली नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

तिसरी जागा वायरिंग. कन्सोलचं दार उघडून आत टॉर्च मारा. नीट बांधलेल्या, खुणा लावलेल्या तारा बघितल्या की मालक कसा आहे ते कळतं. हिरवट झालेले जोड आणि टेपने गुंडाळलेल्या गाठी दिसल्या, तर जे दिसत नाही तिथेही तसंच काम झालेलं असतं.

इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक लावा. तो संगणक जोडून एकूण तास आणि ते किती वेगावर चालले हे काढून देईल, सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजेल आणि गिअरच्या भागातलं तेल तपासेल. ते दुधासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी गेलं आहे. बोटीसाठी मान्यताप्राप्त सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासून अहवाल देणारा तज्ज्ञ, घ्या. सॅम्स आणि नॅम्स या दोन संघटनांचे सदस्य सगळीकडे आहेत. सर्व्हेअर तुम्ही निवडा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. विमा कंपनी जुन्या बोटीसाठी बहुधा त्याचा अहवाल मागतेच.

ट्रान्समच्या उजव्या बाजूला वर 12 अक्षरी ओळख क्रमांक कोरलेला असतो. कागदावरचा आणि हा जुळतोय ना ते पाहा आणि बोटीचा इतिहास काढा. ऑक्टोबर 2012 च्या सँडी वादळात न्यू जर्सीतल्या, आणि सप्टेंबर 2022 च्या इयनमध्ये फ्लोरिडातल्या असंख्य बोटी बुडाल्या, आपटल्या. त्यांतल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीला आल्या. दुरुस्ती चांगली असू शकते, पण ती तुम्हाला माहीत असली पाहिजे.

पायरी 7: चाचणी दुपारी घ्या

विक्रेता सकाळी आठची वेळ देईल, कारण तेव्हा पाणी काचेसारखं असतं. तुम्ही दुपारी दोनची मागा. उन्हाळ्यात जमीन तापली की दक्षिणेचा वारा उठतो आणि इनलेटबाहेर दोन-तीन फुटी आखूड लाटा तयार होतात. तेच तुम्हाला हवं आहे. वारा अति असेल तर अर्थातच दिवस बदला.

लाटांच्या समोर जा आणि वेग हळूहळू कमी करत बोट कुठल्या वेगाला बसते तो आकडा लिहून घ्या. मग लाट तिरकी घ्या, मग मागून. मागून येणाऱ्या लाटेत नाळ पाण्यात रुतून बोट एका बाजूला वळू पाहते का, चाक सतत झगडून धरावं लागतं का, हे इनलेटमध्ये परत येताना कळीचं ठरतं. मग इंजिनं बंद करून आडव्या लाटेत दहा मिनिटं नुसते थांबा. नाळेपासून पिछाडीपर्यंत हाताने कुठेही न धरता चालून पाहा. चाक सोडून उरलेल्या माणसांच्या जागी उभे राहा. पाणी बहुतेक वेळा त्यांच्याच अंगावर येतं. सोबत घरचं माणूस असेल तर त्याचं मत तुमच्या मताइतकंच धरा, कारण त्याला नको असलेली बोट धक्क्यालाच बांधलेली राहते.

पायरी 8: कागद, सुरक्षा आणि पहिला हंगाम

न्यू जर्सीत मोटरबोट चालवायला बोटिंग सुरक्षेचा अभ्यासक्रम करून मिळणारं प्रमाणपत्र जवळ हवं. नोंदणी मोटर व्हेइकल कमिशनकडे, आणि 12 फुटांपेक्षा लांब बोटीला टायटल, म्हणजे मालकीचा दाखला. टूना, शार्क किंवा स्वोर्डफिशमागे जायचं तर बोटीसाठी नोआचा (अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेचा) एचएमएस, म्हणजे दूर स्थलांतर करणाऱ्या माशांचा, परवाना दरवर्षी काढावा लागतो, आणि ब्लूफिन आणला तर 24 तासांत कळवावं लागतं. विम्यात बोट किनाऱ्यापासून किती मैलांपर्यंत जाऊ शकते याची मर्यादा लिहिलेली असते. कॅन्यन तिच्या बाहेर पडत नाही ना ते वाचा. हिवाळ्यात बोट बाहेर काढणं, इंजिनातलं पाणी काढणं, गुंडाळून ठेवणं हा खर्च इथे अटळ आहे, तो पहिल्याच वर्षी धरा.

कायद्याने लागणारं सामान कमीत कमी समजा. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट; 13 वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत ते घातलेलंच हवं. धोक्याच्या ज्योती उत्पादनापासून 42 महिन्यांत बाद होतात. 26 फुटांपेक्षा लहान बोटीत चालकाने इंजिन बंद पाडणारी दोरी अंगाला लावणं 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचं आहे. मोठ्या बोटीतही लावा, कारण चालक पाण्यात पडला आणि बोट पुढे गेली तर किनारा दिसत असूनही काही उपयोग नाही.

कायदा मागत नाही पण मी मागतो ते असं: बसवलेला 25 वॉटचा व्हीएचएफ रेडिओ, त्यात एमएमएसआय (बोटीची रेडिओवरची ओळख) क्रमांक भरलेला, जीपीएसला जोडलेला, म्हणजे एक लाल बटण दाबलं की तुमची जागा आपोआप कळते. आणि 406 मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात इशारा पाठवणारं यंत्र), नोआकडे तुमच्या नावाने नोंदवलेला. कॅन्यनवर मोबाइल निरुपयोगी असतो आणि व्हीएचएफची पोचही संपते. ईपर्ब उपग्रहाशी बोलतो. नवी रडार घेण्याआधी हा घ्या.

पहिला हंगाम टप्प्याटप्प्याने वाढवा. मे महिन्यात खाडीत बोट लावणं, बांधणं, वळवणं शिका; पाणी तेव्हा जीवघेणं थंड असतं, म्हणून दूर जाऊ नका. जूनमध्ये इनलेटबाहेर पाच-दहा मैल, परत येताना भरती असेल अशा वेळा धरून. ऑगस्टपर्यंत पंचवीस. निघण्याआधी नोआच्या संकेतस्थळावर तरंगत्या केंद्रांचे आकडे बघा: न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी 44065, बार्नेगॅटजवळ 44091, लाँग आयलंडच्या दक्षिणेला 44025. लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधला अवधी वाचा. तीन फूट आणि नऊ सेकंद म्हणजे सुखाचा प्रवास. तीन फूट आणि चार सेकंद म्हणजे घरी बसून गळाची दुरुस्ती.

आणि प्रत्येक वेळी निघताना घरी एक कागद ठेवा: कुठल्या इनलेटमधून निघालात, कुठे जाणार, सोबत कोण, बोटीचा रंग आणि नोंदणी क्रमांक, किती वाजता परत. वेळ उलटून किती तास झाल्यावर कोस्ट गार्डला फोन करायचा, तेही त्याच कागदावर लिहा.